कुळागराची वाट, शेवाळलेला चढ: फोर बाय फोर मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

पोफळीखालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

वाळपईच्या पुढे आमचं कुळागर आहे. पोफळी, थोडे माड, मिरवेली, वरच्या अंगाला काजू. डांबर संपलं की दीड किलोमीटर कच्ची वाट. तिच्यात आधी एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो, पावसात गुडघाभर. तो ओलांडला की लगेच जांभ्याच्या खडपावरचा चढ. दिवसभर सावली, त्यामुळे जूनपासून दिवाळीपर्यंत त्यावर शेवाळ. मग उरलेला चिखल. येताना तोच चढ उतार होतो आणि पायथ्याशी व्हाळ वाट बघत असतो.

बाबांची जुनी जीप मे महिन्यात भंगारात काढली. चासीला गंज लागून भोकं पडली होती. आता नवीन फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी, घ्यायची आहे, थार किंवा जिम्नी. गुरखाही पाहिली. बायकोने दार उघडलं, आत डोकावली, दार लावलं आणि म्हणाली, "बाजाराला जायला मिनीबस नको."

गाडीवर एकमत होईल, गिअरबॉक्सवर होत नाहीये. मी मॅन्युअलवर वाढलो. बायको रोज पणजीला जाते, तिला ऑटोमॅटिकच हवी. काका म्हणतात, उतारावर ऑटोमॅटिक म्हणजे वेसण नसलेला रेडा. शहरातल्या ट्रॅफिकबद्दल कृपया लिहू नका, तो वाद मी घरी हरलो आहे. फक्त कच्च्या वाटेचं बोला.

---

सांगेकर

मॅन्युअल. डोळे झाकून.

---

फेरीबोट

डोळे झाकू नका हो. व्हाळ आहे म्हणाले ना ते.

---

टिप्परवाला

पोफळीबाब, तुमचा प्रश्न चढाचा नाहीच, उताराचा आहे. चढताना गाडी अडली तर नुसती अडते. उतरताना सुटली तर कुठे जाते ते तुम्हीच लिहिलंय.

मी २००४ ते २०१२ डिचोली पट्ट्यात टिप्पर मारला, खाणीपासून जेटीपर्यंत. मागे खनिज, खाली लाल चिखल, पुढे-मागे दुसरे टिप्पर. नव्या पोराला आमचा म्हातारा ड्रायव्हर एकच गोष्ट शिकवायचा. ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर. गाडी आवरायची इंजिनाने, ब्रेक फक्त थांबायला. भरल्या गाडीला उतारभर ब्रेकवर धरलं की लायनर तापतात, वास येतो, मग पेडल दाबलं तरी काही होत नाही. आणि अर्ध्या उतारात गियर बदलायला गेलास नि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलात. पुढचं देवाच्या हातात.

लो रेंज टाका, पहिला गियर, दोन्ही पाय पेडलांवरून काढा. गाडी बैलासारखी पाऊल मोजत उतरते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकांच्या मध्ये तेल आहे. तेलाची पकड ती तेलाची पकड.

---

सांगेकर

टिप्परवाल्यांना +१. मी तेच म्हटलं होतं, थोडक्यात.

---

फर्मागुडी_मेक

उतार महत्त्वाचा हे टिप्परबाबांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तेलाचं निम्मं मान्य.

आधी एक घोळ मिटवू. "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली निदान चार वेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायला माणसाच्या पायाऐवजी यंत्र. चढावर तोही हाफ क्लचच करतो आणि तसाच तापतो. डीसीटीत दोन क्लच, रांगत्या वेगाला त्यांचीही तीच कुरकुर. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या. हे तिन्ही प्रकार तुमच्या खडपावर मी नेणार नाही. चौथा टॉर्क कन्व्हर्टर. थारचा सहा गियरचा आणि जिम्नीचा चार गियरचा ऑटोमॅटिक, दोन्ही या चौथ्या प्रकारातले. गुरखा फक्त मॅन्युअलमध्ये येते, तिथे बायकोने दार लावून तुमचं काम सोपं केलंय.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, त्याने फेकलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. मध्ये तिसरं चक्र असतं, ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं. त्यामुळे चाकं जवळजवळ उभी असताना आणि इंजिन जोर लावत असताना चाकांकडे जाणारा टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो. म्हणजे दगडासमोर अडलेल्या गाडीला नेमकी लागते तेव्हाच ताकद मिळते, आणि घासून जळायला मध्ये क्लचप्लेट नाही.

शेवाळावर चाक घसरतं ते झटक्याने. मॅन्युअलमध्ये क्लच सोडताना जरा जरी धक्का बसला की रबराची पकड सुटते, आणि एकदा सुटली की ते चाक तिथेच गुळगुळीत करत बसतं. तेलातून ताकद सावकाश येते, म्हणून चढ ऑटोमॅटिकला सोपा.

आता उतार. गाडी "डी"मध्ये, म्हणजे नेहमीच्या चालवायच्या स्थितीत, ठेवून उतरलात तर तुमच्या काकांचा रेडा खरा आहे, कारण वेग वाढला की पेटी आपणहून वरचा गियर टाकते. पण लो रेंज टाकून पहिल्या गियरवर हाताने अडकवून ठेवली तर ती तिथेच राहते. मॅन्युअलइतकं घट्ट धरत नाही, तरी लो रेंजमुळे बरंच धरते. उरलेलं हलक्या ब्रेकने.

---

मिरवेल

बाकीचं समजलं. ते लो रेंज म्हणजे नक्की काय? सगळे म्हणतात, कुणी सांगत नाही.

---

फर्मागुडी_मेक

@मिरवेल, गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी असते, ट्रान्सफर केस. तिच्यातला जास्तीचा गियर म्हणजे लो रेंज. समजा पहिला गियर ४ पट, लो रेंज २.५ पट आणि चाकांकडच्या डिफरन्शियलचा गियर ४ पट. गुणाकार ४०. इंजिन चाळीस वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. वेग चाळिसाव्या हिश्शावर येतो, जोर तेवढाच वाढतो. हे आकडे उदाहरणादाखल, प्रत्येक गाडीचे वेगळे. मॅन्युअलचा पहिला गियर बऱ्याचदा ऑटोमॅटिकच्या पहिल्यापेक्षा जास्त पटीचा असतो, म्हणून नुसत्या इंजिनावर उतरायला तो हळू.

---

म्हादईकाठ

एवढा सिद्धांत कशाला? कुळेला जा. दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीपा बघा. पावसाळा संपला की धंदा सुरू, दिवसभर नदीतून, दगडांतून ये-जा. एकही ऑटोमॅटिक दाखवा. त्या ड्रायव्हरांना कळत नाही की काय?

---

फेरीबोट

त्यांना कळतं की त्यांचा मेकॅनिक शिवा गावातच आहे आणि क्लचप्लेट मडगावात मिळते. ऑटोमॅटिक बिघडली तर पेटी कोण खोलणार, शिवा पिंपळाखाली बसून? ते मॅन्युअल वापरतात ते दुरुस्तीसाठी, चढण्यासाठी नव्हे.

---

म्हादईकाठ

मग दुरुस्ती हा मुद्दा नाही का? पोफळीबाबही सत्तरी तालुक्यातच राहतात, स्वित्झर्लंडमध्ये नाही.

---

फेरीबोट

हा मुद्दा मात्र बिनतोड. माघार.

---

हणजुणे_नॉट_हणजूण

आमच्याकडे ऑफरोडिंग रोज फुकट बघायला मिळतं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, भाड्याची गाडी, दिल्लीचा उत्साह. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर घालतात आणि लाट आली की फोन काढतात, आधी व्हिडिओला, मग मदतीला. मॅन्युअल काय, ऑटोमॅटिक काय, समुद्र भेदभाव करत नाही.

---

मृगाचा_किडा

हसू नका, किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात. ऑफरोडच्या नावाखाली अभयारण्यात घुसणाऱ्यांनाही हेच लागू. धागाकर्ते स्वतःच्या वाटेने स्वतःच्या कुळागरात जाताहेत म्हणून उत्तर देते.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. कंपनी सांगत नाही, लगेच वाद सुरू होतील. गेल्या वर्षी पावसात नेत्रावळीकडे एका मैत्रिणीच्या बागायतीत गेले होते. चिखलाच्या चढावर तीन-चार वेळा चाकं गरगर फिरवली आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं तेल तापल्याचा दिवा लागला. टॉर्क कन्व्हर्टरची ही दुसरी बाजू. इंजिन जोर करतंय, चाक पुढे जात नाहीये, मग ती सगळी ताकद तेलात उष्णता होऊन बसते. मी सपाटीवर येऊन गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, इंजिन चालू ठेवलं, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं. वीस मिनिटांत दिवा गेला. तेवढ्यात डबा खाऊन झाला.

आमच्या सोबतची दुसरी गाडी मॅन्युअल. त्याच चढावर तिच्या मालकाने हाफ क्लच धरून धरून असा वास काढला की वरच्या घरातली आजी विचारायला आली, काय जळतंय म्हणून. ट्रॅक्टरने ओढून खाली आणली. माझी गाडी वीस मिनिटांत निवली. त्याची क्लचप्लेट बसायला बारा दिवस लागले.

---

टिप्परवाला

बाई, हाफ क्लच धरणाऱ्याचा दोष गिअरबॉक्सच्या माथी कशाला?

---

मृगाचा_किडा

बरोबर. पण दादा, तुमच्यासारखा हात आणि पाय असलेली माणसं किती? प्रश्न विचारणाऱ्याचा पाय कसा आहे ते आपल्याला माहीत नाही.

---

जांभा

चढावर मॅन्युअल बंद पडली तर काय करावं हे कुणीच लिहिलं नाही. क्लच दाबून गाडी मागे सोडायची नाही, इथेच माणसं उलटतात. ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स गियर टाका, इंजिन चालू करा, क्लचने पकड घेतली की ब्रेक हळूहळू सैल करत क्लच पूर्ण सोडा आणि सरळ रेषेत मागे या. स्टिअरिंग वळवू नका, आडवी झाली की संपलं. जुन्या जीपला गियरमध्येच चावी मारता यायची, स्टार्टर मोटरवरच गाडी इंचभर सरकायची. आताच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बाबांच्या जीपवर शिकलेली युक्ती नव्या गाडीत चालेलच असं नाही, हे धागाकर्त्यांनी लक्षात ठेवावं.

---

सांगेकर

बॅटरी उतरली तर मॅन्युअल ढकलून सुरू होते. कुळागरात फोनला रेंज नसते. ऑटोमॅटिकवाले काय करणार, पोफळीला मिठी मारणार?

---

मिरवेल

जम्प स्टार्टर मिळतो हो, टिफिनएवढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात राहतो.

---

सांगेकर

तो चार्ज कोण करणार?

---

व्हाळातला_वाल्हो

सगळे चढ-उतार धरून बसलेत, व्हाळ विसरले. माझं कुंपणच व्हाळाला लागून आहे म्हणून लिहितो.

मॅन्युअल असेल तर पाण्यात शिरण्याआधी गियर ठरवा आणि मध्ये क्लचला हात, म्हणजे पाय, लावू नका. प्लेटमध्ये पाणी आणि रेव गेली की ती घसरते. ऑटोमॅटिकला ही भानगड नाही, पण तिला दुसरी आहे. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि व्हेंटमधून, म्हणजे पेटीच्या हवा जायच्या-यायच्या भोकातून, पाणी ओढलं जाऊ शकतं. व्हेंटची नळी उंच कुठपर्यंत नेली आहे ते गाडी घेतानाच विचारा. ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं. त्यात पाणी मिसळलं की हुबेहूब सोलकढी. डिपस्टिकवर सोलकढी दिसली की गाडी चालू करू नका, ट्रकवर घालून न्या.

दोन्हींना लागू असं एक. थारची पाण्यात जायची क्षमता ६५० मिलिमीटर सांगतात, तुमचं गुडघाभर पाणी त्याच्या आत बसतं. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा धरा. वाहत्या पाण्याला गाडी म्हणजे बांध, ते ढकलतं. लाल गढूळ झालं आणि आवाज बदलला की कुठलाच गियर नको, आल्या वाटेने घरी. इंजिनात पाणी जाऊन ते बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

---

हणजुणे_नॉट_हणजूण

आता सोलकढी पिववणार नाही मला महिनाभर.

---

जांभा

अवांतर: व्हाळावर साकव का घालत नाही?

---

पोफळीखालचा

@जांभा, साकवाचा विषय काढला तर वेगळा धागा लागेल. माझ्या आजोबांच्या काळापासून तो "पुढच्या वर्षी" होतोय.

---

म्हादईकाठ

स्पर्धांचं काय? रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून आपल्याच गोव्यात भर पावसात झाली. तिथे चिखलात लोळणाऱ्या जिप्सी पाहिल्यात, बहुतेक मॅन्युअल.

---

फर्मागुडी_मेक

स्पर्धेच्या गाडीला विंच, म्हणजे दोराने ओढून काढणारी चरखी, असतं, पुढे-मागे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे डिफ लॉक असतात, शेजारी सहचालक चिखलात उतरून दोर ओढत असतो. पोफळीबाबांच्या शेजारी बहुतेक नारळाचं पोतं असेल. आणि तुलनाच करायची तर लँड रोव्हरची नवी डिफेंडर मॅन्युअलमध्ये मिळतच नाही. अमेरिकी लष्कराची हम्व्ही १९८०च्या दशकात आली तीच ऑटोमॅटिक घेऊन. यावरून ऑटोमॅटिक श्रेष्ठ ठरत नाही, पण "खरी गाडी मॅन्युअलच" हेही ठरत नाही.

माझ्या मते तुमच्या वाटेवर गिअरबॉक्सपेक्षा टायर जास्त फरक पाडतील. शोरूममधून येणारे टायर डांबराकडे बघून दिलेले असतात. खाचा चिखलाने भरल्या की टायर गोटा होतो.

---

मृगाचा_किडा

टायरला +१. आणि घेताना फोर बाय फोरच आहे ना ते बघा. थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, पाच दारांच्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला. आमच्या शेजाऱ्यांना गाडी घरी आल्यावर कळलं की तो फोर बाय फोरचा जास्तीचा दांडा आपल्या गाडीत नाहीच.

---

पुलावर_अडकलेली (नवीन सदस्य)

नमस्कार. मी धागाकर्त्यांची बायको. खातं आत्ताच उघडलं.

मृगाचा_किडा यांनी विचारलं की प्रश्न विचारणाऱ्याचा पाय कसा आहे. उत्तर देते. बाबांच्या जीपची क्लचप्लेट गेल्या सहा वर्षांत तीनदा बदलली. बाबा चालवायचे तेव्हा एक प्लेट दहा वर्षं टिकली होती. चढाच्या मध्यावर एक खाच आहे, तिथे दर वेळी हाफ क्लच धरून "थांब, थांब, निघते" असं चालतं. शिवाय डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय. हे त्यांनी धाग्यात लिहिलेलं नाही.

---

फेरीबोट

😂😂😂 दंडवत वहिनी.

---

टिप्परवाला

सहा वर्षांत तीन? पोफळीबाब, आमच्या खाणीवर तुम्हाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

---

सांगेकर

तरीही मॅन्युअल. गुडघ्याला व्यायाम.

---

पोफळीखालचा

घरभेद्यांना सदस्यत्व देण्याबाबत संपादक मंडळाने विचार करावा.

असो. काल रविवारी प्रयोग केला. दोन मित्र आपापल्या गाड्या घेऊन आले, एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक, दोन्ही फोर बाय फोर. सकाळी सर येऊन गेली होती, शेवाळ ताजं. व्हाळ पोटरीभर.

मॅन्युअल मी चालवली. लो रेंज, पहिला गियर. खाचेपाशी पुढचं चाक अडलं, सवयीने पाय क्लचवर गेला आणि गाडी बंद. जांभा यांनी लिहिलंय तसं रिव्हर्स टाकून सरळ मागे आलो. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मालक ओरडला, "पाय काढ!" पाय काढला, तर गाडी आपली आपण चढून गेली. म्हणजे इतकी वर्षं मीच तिला अडवत होतो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

ऑटोमॅटिक बायकोने चालवली. खाचेपाशी थांबली, डावा पाय ब्रेकवर, उजव्याने हळूच ॲक्सिलरेटर, एक घरघर झाली आणि वर. मी चालवून पाहिली, मीही पहिल्या झटक्यात वर.

उतारावर मात्र टिप्परबाबांची आठवण आली. मॅन्युअल शब्दशः बैलासारखी उतरली, ब्रेकला हात लावावा लागला नाही. ऑटोमॅटिक आधी मुद्दाम "डी"मध्ये सोडून पाहिली, लो रेंज न टाकता. दहा-बारा फुटांतच वेग वाढला, ब्रेक मारला आणि चाकं अडकून गाडी हातभर तिरकी सरकली. खाली व्हाळ दिसत होता. पोटात गोळा. मग लो रेंज, पहिला गियर हाताने धरून उतरलो. मॅन्युअलपेक्षा जरा जलद, दोनदा हलका ब्रेक लागला, पण सरळ उतरली.

ऑटोमॅटिक बुक करतोय. गुडघा आणि खाच, दोघांचं मत एकच पडलं. उताराला "डी" नाही, हे बायकोने खडूने गाडीघराच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. गाडी यायची आहे अजून.

---

टिप्परवाला

"डी"त उतरून बघायची काय गरज होती? सांगितलं होतं ना. बरं झालं थोडक्यात निभावलं.

एक करा. ती खाच दगड-चिरे घालून भरून घ्या. पाव ट्रॉली लागेल. मग कुठलीही गाडी चढेल.

---

पुलावर_अडकलेली

हे मी चार वर्षं सांगतेय.

---

मृगाचा_किडा

अभिनंदन दोघांचं! चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान नव्या गाडीतून येणार तर.

---

पोफळीखालचा

कुठलं? वेटिंग आहे. शोरूमवाला दिवाळीची तारीख देतोय, तोवर शेवाळही वाळलेलं असेल. यंदा सुपारीचे घोस, तोरिंजन, नारळ सगळं व्हाळातून डोक्यावरून. ज्यांनी ज्यांनी इथे मॅन्युअलची बाजू घेतली त्यांनी आदल्या दिवशी सकाळी सातला व्हाळावर हजर राहावं.

---

सांगेकर

येतो. सामान न्यायचं कामही मॅन्युअलच निघालं शेवटी.